आधी शोध, मग संमेलन

जगाच्या साहित्यसभांत आज दलित आणि बौद्ध लेखकांना मानाचे आसन मिळते, ही गोष्ट आता कोणाला अपूर्वाईची वाटत नाही. बर्लिनचा आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सव २००१ मध्ये प्रथम भरला, तेव्हा त्याच्या व्यासपीठावर नामदेव ढसाळ होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे २००९ मध्ये पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा अध्यक्षपद डॉ. गंगाधर पानतावणे यांनी भूषविले. या वार्ता आम्ही अभिमानाने सांगतो, आणि त्या सांगाव्यातच. परंतु हे आसन मांडले कोणी, त्याखालची भूमी कोणी नांगरली, हा प्रश्न आमच्यात फारसा कोणी विचारीत नाही. तो आज विचारणे प्राप्त आहे. कारण त्याच्या उत्तरावर आमच्या पुढच्या पिढीचे जगातील स्थान अवलंबून आहे.

नवी मुंबईतून हा प्रश्न विचारण्यास कारणही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाचे दुसरे विश्व मराठी संमेलन २७ ते २९ जानेवारी २०२४ या तीन दिवशी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात भरले. त्यापूर्वीचे २०२३ साली मुंबईत झाले होते आणि नंतरचे २०२५ साली पुण्यात झाले. 'विश्व' हे नाव धारण करणारा मंडप अशा रीतीने आमच्या दाराशी आला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आणि तुर्भ्याच्या बाजारात राबणारी, कोकण, मराठवाडा आणि विदर्भ येथून पोटासाठी आलेली शेकडो बौद्ध कुटुंबे या शहरात वसलेली आहेत. त्यांनी अशा संमेलनांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? केवळ पाहुणे म्हणून जावे आणि टाळ्या वाजवून परतावे, की त्या मंडपाचा पाया कशाचा आहे याची विचारपूस करावी?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय साहित्यसोहळा हे फळ आहे आणि संशोधन हे त्याचे मूळ आहे. ज्या सोहळ्यापूर्वी कोणी दहा वर्षे अभ्यास केलेला नसतो, तो सोहळा संपल्यावर दहा दिवसही कोणाच्या स्मरणात राहत नाही. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आम्ही प्रमाणे देतो.

पहिले प्रमाण डॉ. एलिनॉर झेलियट यांचे. या अमेरिकन विदुषीने १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ. त्या अभ्यासासाठी त्या महाराष्ट्रात आल्या, मराठी शिकल्या आणि चळवळीतील माणसांना प्रत्यक्ष भेटल्या. प्रबंध लिहून झाला की पदवी घेऊन स्वस्थ बसावे, अशी पुष्कळांची रीत असते. झेलियटबाई स्वस्थ बसल्या नाहीत. इतिहासाचा अभ्यास करता करता त्यांना त्या इतिहासातून उगवलेली कविता दिसली. १९७८ मध्ये त्यांनी आणि डॉ. गेल ऑम्वेट यांनी अमेरिकेतील एका विद्वत्‌पत्रिकेत दलित कवितांची अनुवादांसह ओळख करून दिली. ऑम्वेट यादेखील मुळात संशोधकच. सत्यशोधक चळवळीवरील प्रबंधासाठी त्या महाराष्ट्रात आल्या आणि पुढे येथल्याच नागरिक झाल्या. १९९२ मध्ये झेलियट यांनी मुल्कराज आनंद यांच्यासह दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह संपादित केला. वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन १९९५ चे. २००१ मध्ये ते इंग्रजीत आले, तेव्हा अनुवाद ऑम्वेट यांचा होता आणि प्रस्तावना झेलियट यांची. एक इतिहासकार, एक समाजशास्त्रज्ञ! साहित्याच्या प्राध्यापकांनी जे करावयाचे, ते आधी या दोघींनी केले.

दुसरे प्रमाण याहूनही बोलके आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत कधी गेले? २०१५ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. फ्रेंच भाषेत मात्र ते १९९० मध्येच छापले गेले होते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. त्याचा फ्रेंच अनुवाद १९९१ चा आणि इंग्रजी अनुवाद २००८ चा. ज्या इंग्रजीचे राज्य या देशावर दीडशे वर्षे होते, जिच्या शाळा गल्लोगल्ली आहेत, तिच्याआधी फ्रेंच वाचकाला आमचे दुःख कसे कळले? त्याचे उत्तर एका माणसाच्या नावात आहे. गी प्वातव्हँ हे जन्माने फ्रेंच असलेले संशोधक पुण्यास राहत. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या ओव्यांत बाबासाहेबांवर स्त्रियांनी स्वतः रचलेल्या ओव्याही आहेत. ज्या संशोधकाने हे कान लावून ऐकले, त्यानेच 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं' ही दोन्ही पुस्तके फ्रेंच भाषेत नेली. जेथे संशोधक होता, तेथे अनुवाद झाला. जेथे नव्हता, तेथे पुस्तक दोन-तीन तपे ताटकळत राहिले.

बेबीताईंच्या पुस्तकाची कथा तर प्रत्येक नवदीक्षित घरात मुलींना सांगितली पाहिजे. फलटणला छोटेसे दुकान चालविणारी ही बाई घरच्या माणसांच्या नजरेआड वर्षानुवर्षे वह्या लिहीत होती. फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा पत्ता लागला आणि त्यांनी ते प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. प्रथम ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले, मग ग्रंथरूपाने आले, आणि आज अनेक देशांतील विद्यापीठांत ते वाचले जाते. एक भाषाशास्त्रज्ञ बोलीतील शब्दांचा शोध घेण्यास येते आणि तिला शब्दांबरोबर एक लेखिका सापडते! परंतु वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ती भाषाशास्त्रज्ञ फलटणला आलीच नसती तर? त्या वह्यांचे काय झाले असते? आणि ज्या गावांत असे कोणीच आले नाही, त्या गावांतील वह्यांचे काय झाले असेल?

तिसरे प्रमाण अलीकडचे आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील पॉल-व्हालेरी विद्यापीठ यांतील डॉ. निकोल थियारा आणि डॉ. ज्युडिथ मिस्राही-बराक या दोन अभ्यासकांनी २०१४ ते २०१६ या काळात दलित साहित्याचे लेखन, विवेचन आणि अनुवाद या विषयावर एक संशोधन-मंडळ चालविले. ब्रिटनच्या कला व मानव्यविद्या संशोधन परिषदेने त्यास अर्थसाहाय्य दिले. त्या उपक्रमातून परिषदा भरल्या, लेखक आणि अनुवादक एकत्र बसले आणि ग्रंथ निघाले. पुढे तोच धागा पकडून दलित आणि आदिवासी साहित्याबरोबर प्रयोगकलांचेही कार्यक्रम झाले. येथे क्रम नीट पाहावा. आधी प्रश्न आला, मग अभ्यास, मग अनुवाद आणि शेवटी व्यासपीठ. आमच्याकडे प्रथम व्यासपीठाचे भाडे भरले जाते आणि त्यावर कोणाला बसवावे याचा विचार शेवटच्या आठवड्यात होतो.

संशोधनातून सोहळा कसा जन्मतो, याची ही रीत समजून घेतली पाहिजे. एक प्रबंध लिहिला जातो. त्याच्या आधारे विद्यापीठात एक अभ्यासक्रम सुरू होतो. विद्यार्थ्यांना मूळ पुस्तक हवे असते, म्हणून अनुवादकाची गरज पडते. अनुवाद खपेल अशी खात्री पटते, म्हणून प्रकाशक पुढे येतो. पुस्तक वाचले जाते, म्हणून लेखकाला निमंत्रण येते. या साखळीतील पहिली कडी तुटली, तर शेवटची कडी हवेत लोंबकळत राहते. मग परदेशी शिष्टमंडळे जातात, शाली पांघरल्या जातात, छायाचित्रे निघतात. पण तेथल्या एकाही वाचकाच्या हाती आमचे एकही पुस्तक पडत नाही.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. त्यांचा समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा, की साहित्य वेदनेतून जन्मते, टिपणांतून नव्हे. हे आम्हास पूर्ण मान्य आहे. 'गोलपिठा' कोणत्याही ग्रंथालयात बसून लिहिला गेला नाही. परंतु लेखन जन्मणे ही एक गोष्ट आणि ते दूरच्या माणसापर्यंत पोहोचणे ही दुसरी. आईने मूल जन्माला घातले म्हणून त्याला पायवाट कोणी करून द्यावयाची नाही काय? बलुते म्हणजे काय, येसकर कोण, महारकी कशाला म्हणत, हे ज्याला ठाऊक नाही, त्या वाचकास नुसती वेदना ऐकवली तर तो हळहळेल. तिच्यामागची व्यवस्था त्याला उमगणार नाही. हळहळ निर्माण करणे हे आमच्या साहित्याचे ध्येय कधीच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परदेशी संशोधक येतो, आमच्या वस्तीत फिरतो, आमच्या आजीला बोलते करतो, आणि प्रबंधावर नाव त्याचे लागते. आजी 'माहिती देणारी एक वृद्ध स्त्री' एवढीच उरते, असे कित्येक तरुण म्हणतात. या बोलण्यात तथ्य आहे. अभ्यासाच्या नावाखाली माणसाचा नमुना करणे हा अपमानच आहे, मग तो परदेशी माणसाने करो की मुंबईच्या विद्वानाने. परंतु यावरचा उपाय काय? दार लावून घेणे हा नव्हे. आमच्याच मुलाने किंवा मुलीने आजीसमोर वही उघडून बसणे आणि त्या प्रबंधावर आजीचे नाव सन्मानाने छापणे, हा उपाय होय. झेलियट, ऑम्वेट, बर्नसन, प्वातव्हँ यांचे ऋण आम्ही कधीही विसरणार नाही. पण ऋण फेडण्याची रीत म्हणजे त्यांचे काम आपल्या हाती घेणे. जन्मभर दुसऱ्या संशोधकाची वाट पाहत बसणे नव्हे.

आणि हे आमच्याकडून होणार नाही, असे कोणी म्हणू नये. ते झालेले आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादेस जे महाविद्यालय १९५० मध्ये सुरू केले, ज्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले, त्याच्या परिसरात साठच्या दशकात अभ्यासकांची एक फळीच उभी राहिली. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याशी आमच्या साहित्याचा सांधा त्यांनी जुळवून दाखविला. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृती यांवर मराठीत लिहिले. पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि पत्रकार आंबेडकर हा विषय अभ्यासून त्यावर ग्रंथ सिद्ध केला. सॅन होजेचे अध्यक्षपद अशा माणसाकडे गेले, ही म्हणून आकस्मिक गोष्ट मानता येत नाही. चार दशके एका नियतकालिकाच्या टेबलाशी बसून नव्या लेखकांची हस्तलिखिते वाचणारा तो संपादक आणि संशोधक होता.

तिसरा आक्षेप असा, की परदेशी कौतुकाची आम्हास गरजच काय? आमचा लढा येथला आहे. या प्रश्नाचे उत्तर स्वतः बाबासाहेबांनी आपल्या वर्तनाने दिले आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. तो निबंध हा एका विद्यार्थ्याचा अभ्यास होता, आणि आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही जगातील विद्यार्थी तो वाचतात. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस पत्र लिहिले. निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांनी मागितली. कौतुक मागितले नाही, कागद मागितला! हक्कांचा लढा आपल्या गावापुरता राहत नाही आणि तो कागदावाचून लढता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता शासनाकडे वळू. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र पेढे वाटले गेले. तो दर्जा घोषणांनी मिळाला काय? प्रा. रंगनाथ पठारे यांच्या समितीने ग्रंथ आणि शिलालेख यांचे पुरावे गोळा करून अहवाल दिला, त्याच्या बळावर ती मागणी उभी राहिली. म्हणजे शासनालाही संशोधनाचे मोल कळते. ते गरजेपुरते कळते, एवढेच आमचे दुःख आहे. कारण याच राज्यात बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड छापण्यासाठी घेतलेला कागद गोदामात पडून राहिला, ही वार्ता २०२१ मध्ये 'लोकसत्ते'ने छापली आणि मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. याच राज्यात बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. ज्या तरुणाने ग्रंथालयात बसावयाचे, तो मैदानात उन्हात बसतो. ज्या कागदावर ग्रंथ छापावयाचा, तो गोदामात धूळ खातो. आणि तीन दिवसांच्या 'विश्व' संमेलनाचा मंडप मात्र वेळेवर उभा राहतो. याला साहित्यसेवा म्हणावयाचे असेल, तर खुशाल म्हणावे. आम्ही त्यास मंडपसेवा म्हणतो.

यास्तव आमची मागणी अशी आहे. विश्व संमेलनासाठी जो निधी मंजूर होतो, त्याचा निश्चित वाटा आधीच्या वर्षी संशोधक आणि अनुवादक यांना द्यावा. त्यांचे काम संमेलनापूर्वी छापावे. ज्या ग्रंथांचा अनुवाद झाला, त्यांच्या लेखकांना आणि ज्यांनी ओव्या, गीते व आठवणी दिल्या, त्या माणसांना व्यासपीठावर प्रथम बसवावे. ऐरोलीच्या सेक्टर १५ मध्ये महानगरपालिकेने उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहेच. या शहरातील बौद्ध कुटुंबांची कागदपत्रे, जुनी नियतकालिके आणि ध्वनिमुद्रणे जतन करणारा एक विभाग तेथे उघडावा. मग पुढच्या वेळी जगातील अभ्यासक वाशीस येईल, तेव्हा त्यास दाखविण्यास आमच्यापाशी नुसत्या कमानी नसतील.

परंतु शासनाकडे मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. नवदीक्षित बंधुभगिनींनो, आता आम्ही तुमच्याशी बोलतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना घटनेतील सवलतींचा लाभ मिळू लागला. तेव्हापासून आपण सारे कागदाची किंमत जाणतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आपण पेटीच्या तळाशी जपून ठेवतो, कारण जात पडताळणी समिती तो मागते. मग ज्या वहीत आजोबांनी भीमगीते उतरून घेतली, ती वही आपण रद्दीत का देतो? कोणती समिती ती मागत नाही म्हणून? दीक्षेच्या दिवशी घरातून कोणते देव बाहेर गेले, भावकी काय म्हणाली, आईने प्रथम वंदना कशी पाठ केली, मुलांची नावे का बदलली, हे सारे कोणी लिहून ठेवले आहे? १९५६ ची दीक्षा ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांतील फारच थोडे आज आपल्यात उरले आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल, ते कोणत्याही विद्यापीठाला परत आणता येणार नाही.

म्हणून प्रत्येक घराने एक वही करावी. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहावीत. 'शुद्ध' करण्याच्या भानगडीत पडू नये. गाणे लिहिले, तर ते कोणी रचले, कोणत्या गावी, कोणत्या साली गायले गेले, हे खाली नोंदवावे. वामनदादा कर्डकांची गाणी आपण सारे गातो. पण गावोगावच्या ज्या अनाम शाहिरांनी दीक्षेनंतर गीते रचली, त्यांची नावेही आज आपल्याला सांगता येत नाहीत. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज साठविणारे यंत्र आहे. त्याचा उपयोग आजीच्या ओवीसाठीही व्हावा. प्रत्येक विहारात एक कपाट या वह्यांसाठी राखावे. वस्तीतील एखाद्या मुलीने प्रबंध लिहिला, तर त्याची प्रत त्या कपाटात यावी आणि वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर त्या प्रबंधाचेही एक दिवस वाचन व्हावे. आणि ज्या घरात दोन-तीन मुले आहेत, तेथे एकाने तरी भाषेचा मार्ग धरावा: पाली, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी, कोणतीही. अभियंत्यांची आपल्याला गरज आहेच. पण अनुवादकावाचून समाज मुका राहतो.

हे काम सत्कारासारखे झगमगणारे नाही. यात हार नाहीत, ध्वनिक्षेपक नाहीत. एक टेबल, एक दिवा आणि पुष्कळ वर्षे, एवढेच यात असते. रात्र रात्र जागून वाचणाऱ्या ज्या महापुरुषाच्या मार्गाने आपण आलो, त्याच्या अनुयायांना या कामाचा कंटाळा येणे शोभणारे नाही. पुढच्या पिढीचा लेखक जेव्हा बर्लिनला, पॅरिसला किंवा तोक्योला उभा राहील, तेव्हा त्याची ओळख करून देणारा अभ्यासकही आपल्याच वस्तीतला असावा, आणि त्याच्या हातातील ग्रंथात तुमच्या आजीचे नाव, तिच्या गावासह, छापलेले असावे. त्या ग्रंथाचे पहिले पान लिहिण्यास शासनाची परवानगी लागत नाही. वही उघडा.

जय भीम!